माज पहाटेचा, फोन रात्रीचा : इंदूरजवळच्या एका गोठ्यातलं कृत्रिम रेतन

हातोदहून देपालपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका मराठी कुटुंबाची साडेचार बिघे जमीन आहे. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू आणि घरामागे चार गायींचा गोठा. पणजोबा होळकरांच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात हिंदी-माळवी. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदाच हातात येतो, म्हणून किराणा, औषधं, मुलांची फी हे सगळं दुधावर चालतं. नावं देत नाही. काकू, त्यांचा मुलगा (त्याला मी दादा म्हणते) आणि सून म्हणजे वहिनी, एवढी ओळख पुरे. दादा पीथमपूरच्या एका कारखान्यात पाळीवर जातो.

गायी अशा : होल्स्टीनची संकरित 'बांडी', गीर वाणाची 'तांबू', बांडीची मोठी झालेली कालवड 'मैना' आणि काकूंच्या माहेरून आलेल्या गायीच्या वंशातली म्हातारी होत चाललेली माळवी 'धवळी'.

गायी तपासायला मी गेले, तेव्हा तक्रार बांडीची होती. फेब्रुवारीत व्यायली, एप्रिलअखेर माजावर (गाभण राहण्याच्या काळात) आली, तेव्हापासून दसऱ्यापर्यंत चार कांड्या (गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्या) भरल्या आणि चारही वेळा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. दूध बारा लिटरवरून पाचावर आलेलं. तांबूची गोष्ट वेगळी : ती माजावर येतच नाही असं सगळ्यांचं ठाम मत. घरात दोन प्रस्ताव चर्चेत होते. बांडी विकून टाकायची, किंवा कांडीचा नाद सोडून शेजारच्या गावातल्या वळूकडे न्यायची. 'बीजच खराब आहे,' हे दादाचं निदान. गावातल्या गौसेवकाचं, म्हणजे गोठ्यांत जाऊन कांड्या भरणाऱ्याचं, म्हणणं त्याच्या उलट : 'भैया, मेरे हाथ से इसी हफ्ते की दूसरी गायें रुकी हैं, बीज को दोष मत दो.'

त्याचं म्हणणं तपासता येण्यासारखं होतं, म्हणून आधी तेच तपासलं. बांडीला भरलेल्या चारपैकी दोन कांड्यांच्या चिठ्ठ्या वहिनींनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्यावर वळूचा क्रमांक होता. त्याच वळूच्या, त्याच कंटेनरमधल्या (द्रव नायट्रोजनच्या टाकीतल्या) कांड्यांनी गावातल्या दोन गायी गाभण राहिलेल्या निघाल्या. नायट्रोजनची पातळी तो काठी बुडवून नियमित पाहतो, हेही दिसलं. बीज दोषी नव्हतं.

मग बांडी तपासली. गर्भाशय जागच्या जागी, घट्ट, सूज नाही. बीजांडकोषावर पीतपिंड (बीजांड सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) हाताला लागत होतं, म्हणजे चक्र चालू होतं. व्यायल्यावर वार (गर्भाचं वेष्टण) वेळेवर पडली होती, पुवाळलेला स्राव कधी दिसला नव्हता. अंगाने मात्र खंगलेली, पाठीचा कणा हाताला टोचत होता. गव्हाणीत गव्हाचा भुसा, सोयाबीनचं भूस आणि सरकी पेंड. खनिज मिश्रण कधी दिलेलं नाही. गाय अशक्त होती, पण वांझ नव्हती.

पाहणारं एक, फोन करणारं दुसरं

मग मी काकूंजवळ बसून एकच विचारलं : बांडी माजावर आलीय हे घरात पहिल्यांदा कुणाला कळतं?

'मला. पहाटे धारेला बसते तेव्हा. हंबरते, पान्हा चोरते, शेपटीला बळस (चिकट स्राव) लोंबत असते.'

'मग काय करता?'

'दादा आला की सांगते.'

दादा पहिल्या पाळीला असेल तर अंधारात निघतो आणि संध्याकाळी घरी पोचतो. जेवताना काकू सांगतात. जेवण झालं की दादा गौसेवकाला फोन लावतो. तो म्हणतो, सकाळची गावं आटपून येतो. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला कांडी भरली जाते. वहिनी हे सगळं ऐकत उभ्या होत्या. त्यांच्याकडे फोन आहे, गौसेवकाचा नंबर मात्र फक्त दादाच्या फोनमध्ये. 'गौसेवकांना फोन करणं हे त्यांचं काम,' एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, घरातली रीत होती.

आता वेळ मोजू. काकूंना पहाटे पाचला माज दिसला, म्हणजे तो त्याआधी कधीतरी रात्रीच सुरू झालेला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत तीस तास होऊन गेलेले असतात.

संकरित गायीचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो. गायीचं बीजांड सुटतं ते माज संपल्यावर १० ते १२ तासांनी, म्हणजे माज सुरू झाल्यापासून २४ ते ३० तासांच्या दरम्यान. सुटलेलं बीजांड काही तासच फलनक्षम राहतं. दुसऱ्या बाजूला, गोठवून वितळवलेले शुक्रजंतू गर्भाशयात गेल्या गेल्या कामाला लागत नाहीत. तिथल्या स्रावात सहा-एक तास तयार व्हावं लागतं, आणि त्यांचं आयुष्य ताज्या वीर्यातल्या शुक्रजंतूंपेक्षा कमी असतं. म्हणून बीजांड सुटण्याच्या काही तास आधीच ते गर्भनलिकेत पोचून वाट पाहत असायला हवेत. बांडीच्या बाबतीत चारही वेळा कांडी भरली तेव्हा बीजांड सुटून गेलेलं, किंवा सुटण्याच्या बेतात होतं. पोचणारे उशिरा पोचले.

पशुवैद्यकात यासाठी जुना ठोकताळा आहे : सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी भरायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. तो दादालाही माहीत होता. घोटाळा एवढाच की 'संध्याकाळी' हा शब्द या घरात फोनची वेळ झाला होता, कांडीची नव्हे.

उपाय इतका साधा होता की त्यावर फार बोलावंसंही वाटत नाही. गौसेवकाचा नंबर वहिनींच्या फोनमध्ये टाकला. काकूंनी पाहिलं की वहिनींनी सातच्या आत फोन करायचा, आणि गौसेवकाने संध्याकाळची फेरी या बाजूने ठेवायची. त्यालाही हे आवडलं, कारण फुकट गेलेल्या कांडीचा बोल शेवटी त्यालाच लागतो. दादा थोडा गप्प राहिला. गायीचे निर्णय आपले, असं त्याला वाटत आलं होतं. कोणत्या वळूची कांडी हे अजून तूच ठरव, असं मी त्याला सांगितलं, आणि ते काम खरोखरच अभ्यासाचं आहे. पण माज पाहणाऱ्याच्या हातात फोन नसेल तर बाकीचा अभ्यास वाया जातो.

भारतात गायीतल्या कृत्रिम रेतनाची सुरुवात १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्यातल्या डेअरीत झाली. तेव्हा वीर्य ताजंच वापरावं लागे. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्लिसरॉलमुळे शुक्रजंतू गोठवूनही जगतात हे सापडलं आणि वळूपासून गायीचं अंतर मिटलं. आपल्याकडे मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला उभी केलेली 'बायफ' संस्था ही सेवा शेतकऱ्याच्या थेट दारात घेऊन गेली. एवढी सगळी वाट चालून आलेली कांडी गोठ्याच्या शेवटच्या पन्नास पावलांत अडकावी, याचं मला फार वाईट वाटतं. आणि हे एकाच घरातलं नाही. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक लहान गोठ्यांत धार बाई काढते आणि फोन पुरुष करतो.

बांधलेली गाय कशी सांगेल?

तांबू माजावर येत नाही, हा दुसरा समज. तपासणीत तिचंही चक्र चालू दिसलं. गीर आणि एकूणच देशी गायींचा माज संकरित गायीपेक्षा लहान आणि सौम्य असतो, पुष्कळदा रात्रीत येऊन जातो. त्यात तांबू चोवीस तास आखूड दाव्याला, भिंतीकडे तोंड करून. माजावर आलेल्या गायीची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे दुसरी गाय अंगावर चढली तरी ती स्थिर उभी राहते. ही खूण दावणीला बांधलेली गाय देणार कशी?

म्हणून सकाळी धारेनंतर आणि रात्री जेवणं झाल्यावर अर्धा-अर्धा तास चौघींना मागच्या कुंपणात मोकळं सोडायचं ठरलं. रात्रीची वेळ मुद्दाम. उन्हाळ्यात इंदूरला पारा चाळिशीच्या वर असतो, दिवसा गायी माजाची लक्षणं दाबून टाकतात. मुक्या माजाच्या गायीही रात्रीच्या थंडाव्यात काहीतरी दाखवतात.

पहिल्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला की मैना तांबूवर चढतेय, मैनाला भरवू का? यात पुष्कळ जण चुकतात. चढणारी गाय माजावर असेलच असं नाही, चढू देणारी, खाली स्थिर उभी राहणारी असते. मी विचारलं, तांबू काय करतेय? 'सरकली बाजूला.' म्हणजे त्या रात्री दोघींतली कुणीच पूर्ण माजावर नव्हती, पण तांबूचं काहीतरी जवळ आलं होतं, किंवा नुकतंच होऊन गेलं होतं.

उत्तर दोन दिवसांनी शेपटीवर मिळालं. तांबूच्या शेपटीच्या केसांना रक्ताचा सुकलेला डाग. काकू घाबरल्या, 'पडलं वाटतं काहीतरी.' न भरवलेल्या गायीत पडणार काय? माज ओसरल्यावर एक-दोन दिवसांत गर्भाशयाच्या अस्तरातून थोडं रक्त येणं हे नेहमीचं आहे, विशेषतः कालवडींत. गाय गाभण आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. पण माज होऊन गेला याची ती लेखी पावती आहे. डाग दिसला की माज दोन दिवसांपूर्वी होऊन गेला, म्हणजे पुढचा माज त्या डागापासून १८-१९ दिवसांनी. माज न दिसलेल्या गायीचं पंचांग मांडायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

पंचांगावरून आठवलं. वहिनींच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर दुधाचे लिटर लिहिलेले असतात. त्याच चौकटींत आता गायीच्या नावाचं पहिलं अक्षर लाल पेनाने पडतं. चक्र २१ दिवसांचं, म्हणजे तोच वार, तीन आठवडे पुढे. मंगळवारी माज दिसला तर तिसऱ्या मंगळवारच्या आधीच्या दोन-तीन दिवसांपासून लक्ष ठेवायचं. भरलेली गाय त्या दिवसांत शांत राहिली तर आशा, माजावर आली तर उलटली. वेगळ्या वहीची गरजच पडली नाही, आणि वेगळी वही महिन्याभरात हरवते.

तांबूचं रक्त नोंदलं गेलं आणि अठराव्या दिवसापासून काकू रात्री दहाला कंदील... म्हणजे आता मोबाइलची बॅटरी घेऊन गोठ्यात जाऊ लागल्या. एका रात्री काचेसारखी स्वच्छ, तुटता न तुटणारी बळस दिसली. सौम्य माजाचा काळ लहान असल्याने सकाळी लवकर कांडी भरायला सांगितली.

त्या सकाळी मी तिथे होते. गौसेवकाने तांबूच्या कानातल्या पिवळ्या टॅगवरचा बारा आकडी क्रमांक मोबाइलमध्ये टाकला. मग थर्मासमधून भांड्यात पाणी ओतून थर्मामीटर बुडवला, ३७ अंशांना थांबला. कंटेनरमधून डबा अर्धवट उचलून चिमट्याने एकच कांडी काढली आणि डबा लगेच खाली सोडला. आत उणे १९६ अंश तापमान असतं. तोंडाजवळ डबा रेंगाळला तर राहिलेल्या सगळ्या कांड्या अर्धवट वितळून पुन्हा गोठतात आणि त्यांतले शुक्रजंतू मरतात. गौसेवक किती वेळ कांडी शोधत राहतो, हे गोपालकानेही पाहावं. तीस सेकंद पाण्यात, मग कांडी कोरडी पुसली, कारण पाण्याचा थेंबही आतल्या शुक्रजंतूंना मारक. टोक सरळ कापलं, गन (कांडी आत सोडायची लांब नळी) तळव्यांत चोळून कोमट केली, कांडी बसवली, वर आवरण चढवलं. डावा हात गुदमार्गातून आत, गर्भाशयमुखाच्या कड्या बोटांनी पकडल्या, गन एकेका कडीतून पुढे सरकली. शेवटच्या कडीच्या जरा पुढे थांबून त्याने दट्ट्या सावकाश दाबला. ०.२५ मिलिलिटर. घाईने दाबलं तर निम्मं गनच्या आवरणातच राहतं. फार पुढे गेलं तर गर्भाशयाच्या एकाच शिंगात (फाट्यात) पडतं, मागे राहिलं तर मुखातच. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. वहिनींनी गायीच्या पाठीवर हात ठेवला होता आणि कुणीही तिला मारलं नाही, ओरडलं नाही. हेही लिहायलाच हवं. भेदरलेल्या गायीत गर्भाशयाची हालचाल बिघडते.

कांडी कुणाची?

दादाचा आग्रह होता की बांडीला शुद्ध होल्स्टीनची आणि तीही लिंगवर्गीकृत कांडी भरावी, म्हणजे कालवडच होईल. आग्रहामागचं दुःख मला कळतं. शेती ट्रॅक्टरवर गेली, गोऱ्ह्याला गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि देपालपूर रस्त्यावर रात्री बसलेले सोडून दिलेले गोऱ्हे कुणीही पाहावेत. लिंगवर्गीकृत वीर्याने सुमारे ९० टक्के कालवडी होतात. मादी घडवणाऱ्या शुक्रजंतूत चारेक टक्के डीएनए जास्त असतो, त्यावरून यंत्र ते वेगळे काढतं. पण या प्रक्रियेत शुक्रजंतू थकतात आणि एका कांडीत साध्या कांडीच्या मानाने फारच कमी असतात. चार वेळा उलटलेल्या, खंगलेल्या गायीत ती भरणं म्हणजे कांडी वाया घालवणं. ती निरोगी, नियमित माजाच्या कालवडीत भरावी. दादाला ते पटायला वेळ लागला, पण पटलं. बांडीसाठी साधी कांडी, आणि शुद्ध होल्स्टीनऐवजी संकरित वळूची. विदेशी रक्त निम्म्याच्या फार वर नेलं की उन्हाळा, गोचीड आणि भुसा-पेंडीचा खुराक यांत ती गाय टिकत नाही. कूलर-पंखे असलेल्या मोठ्या डेअरीचं गणित या गोठ्याला लागू नाही.

मैना लिंगवर्गीकृत कांडीला योग्य होती, पण वजन पुरेसं हवं. काटा नव्हता, टेलरची टेप होती. छातीचा घेर ६० इंच, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी ४८ इंच. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६० : सुमारे २६२ किलो. संकरित कालवडीला अडीचशेच्या पुढे भरवायला हरकत नाही. राहिला प्रश्न बापाचा. मैना ज्या कांडीपासून झाली तोच वळू तिला लागला तर बाप-लेकीचा संकर. चिठ्ठी हरवली होती, पण बांडीच्या टॅगवर जुनी नोंद मिळाली आणि तो क्रमांक टाळता आला. लहान गोपालकाने एवढी एक चिठ्ठी तरी आयुष्यभर जपावी असं मला कळकळीने वाटतं.

तांबूला गीरचीच कांडी. तिथे वाद नव्हता.

पुढे काय झालं

बांडीला दिवाळीच्या आधी, पहिल्यांदाच वेळेवर, त्याच दिवशी संध्याकाळी कांडी भरली गेली. ती तरीही उलटली. घरात पुन्हा विकण्याची भाषा सुरू झाली. गावपातळीवर वेळेवर भरलेल्या दहा कांड्यांपैकीही तीन-चारच धरतात, हे मी आधी सांगितलं होतं, पण प्रत्यक्ष उलटलेली गाय समोर असताना आकडा कुणाला आठवत नाही. काकू म्हणाल्या, 'एक माज अजून.' तोवर रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि बांधावरचं हिरवं नेपियर सुरू होऊन महिना झाला होता, कातडीला तकाकी आली होती. एकविसाव्या दिवशी पहाटे फोन, संध्याकाळी कांडी. त्यानंतरचे दोन्ही माज शांत गेले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला हात घालून पाहिलं, बांडी गाभण. पोळ्याच्या आगेमागे विणार. जूनमध्ये तिला आटवायचं (दूध काढणं थांबवायचं), हे कालनिर्णयावर आत्ताच लिहून ठेवलं आहे.

उशिराची किंमत दादानेच मांडली. दिवसाचा दीडशे रुपयांचा चारा-पेंड धरला तर एक चुकलेला माज म्हणजे २१ दिवसांचे ३,१५० रुपये. चार माजांचे १२,६०० रुपये, आणि न झालेलं दूध वेगळंच.

तांबू पहिल्याच कांडीला राहिली. मैना लिंगवर्गीकृत कांडीला उलटली आहे. अजून एकदा तीच कांडी, मग साधी, असं ठरलंय.

धवळीचं अजून सुटलेलं नाही. ती नियमित माजावर येते. दादाला तिला गीर भरवायचंय. काकूंना माळवीच हवी. आगर-शाजापूर-उज्जैनच्या बाजूचं हे जनावर, पांढरं-करडं, काटक, दूध बेताचं, पण इथल्या काळ्या मातीचं. माझं मत काकूंच्या बाजूचं आहे. शुद्ध माळवी वंशात कांडीने गीर मिसळायला एक विण पुरते, तो परत माळवी करायला कित्येक पिढ्या लागतात. अडचण एवढीच की गौसेवकाच्या कंटेनरमध्ये माळवीची कांडी नसते, मागवावी लागते. त्याने मागणी नोंदवली आहे. कालनिर्णयावर धवळीच्या पुढच्या दोन माजांची लाल अक्षरं पडली आहेत. पहिल्यापर्यंत कांडी आली नाही तर तो माज सोडायचा आणि दुसऱ्याची वाट पाहायची, असं वहिनींनी गौसेवकाला फोन करून सांगितलं आहे.